पश्चिमेची खिडकी

पद्मावतीकाकू,

उंब्रजला भावाकडं सुखरूप पोचले.

तुमी डिपॉझिटमधनं रंगाचे तीन हजार कापलेत, तवा मी लय भांडले. ओटा, मोरी, जाळ्या सगळं घासून लख्ख केलं हुतं. भिंतीवरचा पिवळा डाग तेवढा राहिला.

"एवढ्या उन्हाच्या खोलीत हळदीचा डाग टिकला कसा गं?" तुमी विचारलंत. "निघतच न्हाई, काकू," मी म्हणाले. खोटं बोलले.

मार्केट यार्डात दिवसभर हळदीची पोती वाहून हे घरी आले, की अंघोळीआधी त्याच भिंतीला पाठ टेकून चहा प्यायचे. उन्हानं हळदीचा रंग उडतो, हे सांगलीत कुणाला सांगावं लागतंय? म्हणून हे वारल्यापास्नं दोन वर्षं मी त्या भिंतीसमोरची पश्चिमेची खिडकी उघडलीच न्हाई.

हे कळलं तर तुमी पैसे परत द्याल, मनाच्या वाईट न्हाई तुमी. पर आधी खिडकी उघडाल.

म्हणून हे पत्र न धाडता माझ्या कपड्यांच्या पेटीतच ठेवते. रंगारी येईल तवा येईल. तवर बसू द्या ह्यांना तिथं.

तुमच्या खालच्या खोलीतली,
शेवंता