मांडवात दुसरा मामा बघावा

दिग्रस
(तारीख मुद्दाम लिहीत नाही. पत्र कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही.)

चि. सौ. रुखमास,

दादाचे पुष्कळ आशीर्वाद. बाबारावांना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या गुडघ्याची माझ्यातर्फे विचारपूस कर (तुझ्यातर्फे तू करत नाहीस, असं ते मागच्या खेपेला म्हणाले होते). निकिताला आशीर्वाद, आणि उन्हात फिरू नको म्हणावं, लग्नाच्या पोरीने काळवंडू नये. इकडे आम्ही उभयता जिवंत आहोत. ‘सुखरूप’ हा शब्द लिहायला घेतला होता, पण पेन थांबलं, म्हणून ‘जिवंत’वर भागवतो. फोन सोडून दादा पत्र काय लिहितो, असं तुला वाटेल. त्याचं असं आहे की नानाजीच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, आणि माझा आवाज तर तुला माहीतच आहे. सारी नोकरी बसस्टँडवर माईकसमोर गेली. मी फोनवर कानगोष्ट केली तरी ती पुसदच्या गाडीत बसलेल्या माणसाला ऐकू जाते.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील, लहानपणापासूनची तुझी खोड आहे. निकिताच्या लग्नाला मला बाभुळगावला येणं जमणार नाही. मामाने नवरीला मांडवात आणायचं असतं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं असतं, हे मला कोणी शिकवायला नको. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून मी ते काम माझ्या नावावर लिहून ठेवलं आहे. पण तुझी वहिनी घाबरते. तिला एकटीला घरी ठेवता येत नाही, आणि घर बंद करून दोघांनी निघायचं म्हटलं तर तिच्या अंगाला कापरं भरतं. तेव्हा तू दुसरा मामा बघावा, ही विनंती.

आमच्याकडे चोरी झाली, एवढंच तुला फोनवर सांगितलं होतं. खुलासा आता करतो. फेब्रुवारीत शीलाच्या मावसभावाच्या मुलाच्या लग्नाला आम्ही पुसदला गेलो. आता आपल्याकडे न सांगता गावाला जाणारा माणूस एकतर उधारी बुडवणारा नाहीतर पळून जाणारा, असं समजतात. त्यातून मी पडलो गाड्या सांगणारा. सकाळी फाटकाशी उभं राहून मी सगळ्या गल्लीला सांगितलं की आम्ही पुसदला चाललो, मुक्काम आहे, उद्या दुपारच्या गाडीने परत येऊ. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, एक अनोळखी माणूस सायकलची चेन बसवत उभा होता, तर त्याला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही सांगितलं. फक्त गाडी कोणत्या फलाटावर लागेल तेवढं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी परतलो तर कुलूप पायरीवर ठेवलेलं, अगदी नीट, पायात येऊ नये असं बाजूला. शीलाची पोत गेली, निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ गेलं, मिक्सर गेला, भरलेलं सिलिंडर गेलं. टीव्ही नेला नाही. (शेजारच्या बायकांनी टीव्हीकडे पाहून ‘बरं झालं’ म्हटलं, पण त्या आवाजात मला कीवच ऐकू आली.) माझा सफारी कोणीतरी अंगात घालून पाहिला होता आणि पसंत न पडून पलंगावर टाकला होता. डब्यातला चिवडा खाल्ला होता, तोही अर्धाच. शीलाने त्या घटकेला काय विचारावं? ‘काहून टाकला असंन? मीठ कमी झालतं का?’ भीतीने माणसाचं डोकं असं चालतं बघ.

त्यानंतर आठवडाभर लोक बसायला आले. घरात कोणी गेल्यावर येतात तसेच, पाय धुऊन, आवाज बारीक करून. चहा मात्र मयतीच्या घरी मागत नाहीत, इथे मागत होते. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न मलाच. कुलूप कोणत्या कंपनीचं होतं? बाहेरचा दिवा का चालू ठेवला नाही? चालू होता म्हटलं, तर दिवसा दिवा चालू दिसला की चोराला कळतं घर रिकामं आहे, मग चालू का ठेवला? एकाने तर, ‘तुमी गेलेच कायले पण?’ असं विचारलं. (हा पुसदच्या त्याच लग्नात माझ्या शेजारी बसून जिलेबी खात होता.) काय-काय गेलं ते ऐकून आलेल्यांपैकी दोघांचे चेहरे पडले, एवढ्या लांबून आलो आणि एवढंच गेलं, असं त्यांना झालं असावं. मला लाज वाटायला लागली, रुखमा. चोरी दुसऱ्याने केली आणि आरोपीसारखा मी बसलेलो. चौथ्या दिवसापासून मी सांगायचं बंद केलं. शीला मात्र कोणी आलं की पहिल्यापासून सांगायची, चिवड्यासकट, आणि सांगता सांगता हसायची. आतली भीती लपवायला माणूस असं हसतो, हे मी कुठेतरी ऐकलं आहे.

मग मी बंदोबस्ताला लागलो. शीलासाठीच, दुसरं काय. पुढच्या दाराला तीन कुलपं लावली. फाटकाला साखळी. छपराखाली कॅमेरा बसवला, म्हणजे कॅमेऱ्याचं नुसतं खोकं, आत काही नाही; त्यात चिमणीने घर केलं आहे आणि तिची पिल्लं तेवढी आमच्याकडे निर्धास्त आहेत. एके दिवशी किल्ल्यांचा जुडगा आत राहिला आणि आम्ही बाहेर. चावीवाला आणला. त्याने तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा संपायच्या आत तिन्ही कुलपं उघडली आणि जाताना म्हणाला, ‘कुलपं मजबूत हायेत जी तुमची.’ त्या दिवसापासून शीलाला झोप नाही. दुपारी ती आडवी होते ते नावालाच. घोरते, हे खरं आहे, पण त्या घोरण्यात मला समाधान ऐकू येत नाही. संध्याकाळी भजनाला जाते ती घरात भीती वाटते म्हणून. परवा तर म्हणाली, चला, यवतमाळला जाऊन सिनेमा पाहू. किती घाबरली असेल, तूच विचार कर.

नानाजीचं सांगतो. आमचा संध्याकाळचा चहा तुला ठाऊक आहे. त्याच्या ओट्यावर दोन खुर्च्या, तो कापसाच्या जिनिंगमधल्या गोष्टी सांगायचा आणि मी स्टँडवरच्या. कोणाचंच कोणी ऐकत नव्हतं, पण दिवस गोड व्हायचा. चोरीनंतर माझ्या मनात आलं की नानाजीला रात्रभर खोकला असतो, मग आमचं कुलूप तुटताना त्याला काहीच ऐकू कसं आलं नाही? त्या रात्री नेमका खोकला नव्हता का? एकदा मनात किडा शिरला की तो काही बोंडअळीसारखा औषधाने मरत नाही. मी ओट्यावर जाणं सोडलं. निकिताच्या लग्नाचं कळल्यावर नानाजी स्वतःहून फाटकाशी आला आणि म्हणाला, ‘नागोराव, तुमी बिनघोर जा, मी तुमच्या घरी झोपतो.’ इतका चांगला माणूस, रुखमा, आणि मला वाटलं, हा माझ्या घरात झोपायला एवढा उतावीळ का? ‘पाहू’ म्हणून मी आत आलो आणि कडी लावली. कडी जोरात वाजली. त्याने ऐकली असणार. दुसरी खुर्ची त्याने अजून आत नेलेली नाही, ती मला खिडकीतून दिसते.

आणि ऐक, चोर सापडला! होळीनंतर ठाण्यातून धरमसिंग जमादार आले. ओळख पटवायला या म्हणाले, मिक्सर मिळाला आहे. (मिळाला, पण झाकण नाही.) शीलाही सोबत आली. मी ठरवून गेलो होतो की त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा आणि विचारायचं, बाबा रे, आम्ही तुझं काय बिघडवलं? बाकावर एक चष्मेवाला माणूस बसला होता. मला वाटलं, विमा एजंट असावा, म्हणून मी त्याला जरा सरका म्हटलं. तो सरकला. तोच चोर. दुसऱ्या जिल्ह्यातला, दिग्रसमध्ये कोणाला ओळखत नव्हता. जाता जाता कुलूप दिसलं आणि शिरला. धरमसिंगांनी त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की हे ते घरमालक. त्याने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘कोनतं घर?’ मी सांगितलं, निळ्या रंगाचं फाटक, समोर कडुनिंब. तो बराच आठवत राहिला आणि मान हलवून म्हणाला की असे लई झाले, ध्यानात नाही. तेवढ्यात शीला पुढे झाली आणि तिने त्याला चिवडा अर्धा का टाकला ते विचारलं. तेव्हा मात्र त्याला आठवलं. मिठाचं नाही, म्हणाला, तिखट होता. शीलाचं समाधान झालं. सगळं ठाणं हसलं, ती हसली, चोरही हसला. मीही तोंड हसल्यासारखं केलं आणि बाहेर येऊन कडेच्या नळावर तोंड धुतलं.

म्हणजे बघ, मी गल्लीभर बोंबललो म्हणून चोरी झाली नव्हती. नानाजीचा काही संबंध नव्हता. धरमसिंग म्हणाले, आता निर्धास्त राहा, फक्त गावाला जाताना कोणाले सांगत जाऊ नका. त्यांच्या मागे भिंतीवरच्या फलकावर लिहिलं होतं की बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना कळवा. मी दोन्हीही करत नाही, कारण मी बाहेरगावीच जात नाही. चोर आत बसला आहे हे मला कळतं. डोक्याला कळतं. पण चोर आत गेला म्हणून मी काही बाहेर येत नाही. त्याने माझं काय नेलं ते त्याच्या ध्यानातही नाही, आणि माझ्या ध्यानातून दुसरं काही जात नाही. निवृत्तीनंतर घर बांधलं तेव्हा मी संध्याकाळी पायरीवर बसून उगाच भिंतीला हात लावायचो. आता वाटतं, माझ्याआधी कोणाचा हात लागला असेल? कपाटातले कपडे तीनदा धुतले (शीलाने आक्षेप घेतला, पाणी दिवसाआड येतं). या उन्हाळ्यात आंबा खाल्ला, रुखमा, आणि गोड लागला नाही. आंबा चांगला होता. शीलाने दोन खाल्ले.

हे सगळं शीलाच्या मनाचं वर्णन आहे हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. नवरा-बायको इतकी वर्षं एकत्र राहिले की एकाचं दुसऱ्याला कळतं.

तेव्हा आता लग्नाचं. आपला चुलतभाऊ अतुल उंचीने बरा आहे, फोटोत शोभेल. त्याला सांग, मंगलाष्टकं चालू असताना खिशातला फोन बंद ठेव आणि पोरीच्या डोक्यावरून अक्षता टाकताना डोळे झाकायला सांग, तिचे. आणि तिचा खांदा धरायचा तो हलका. पोरीला लहानपणापासून गुदगुल्या होतात. मी असतो तर हे सांगावं लागलं नसतं. मामाकडची पिवळी साडी शीलाने घेऊन ठेवली आहे, ती कोणाच्या तरी हाती पाठवतो (कोणाच्या, ते अजून ठरत नाही, विश्वासाचा माणूस शोधतो आहे). निकिताला माझं नाव सांगू नको, मामीला बरं नाही म्हणून सांग.

बाबारावांना पुन्हा नमस्कार. लहानांना पापा, थोरांना पाया पडणं, कुत्र्याला भाकरी.

तुझा,
नागोरावदादा

ता. क. – पत्र वाचून झालं की चुलीत घाल. तुमच्याकडे गॅस असला तरी चूल पेटव.

ता. क. – लग्न लागताना कोणाच्या तरी हातात फोन देऊन व्हिडिओ लावून दे. मी आवाज बंद ठेवीन, कोणाला कळणारही नाही. फोन धरणाऱ्याला नवरीच्या तोंडासमोर उभा कर, मागे नको. मागून अतुल दिसेल.

ता. क. –

रुखमाबाई, नमस्कार. मी शीला. यायनं पाकीट बंद करायले माह्यापाशी देलं, म्हणून वाचलं. मले कोणाचंच भेव वाटत नाही. भेव यायले वाटते. दूधवाल्यानं कडी वाजवली तरी दारामागं उभे राह्यतात. मी दिसली की मंग म्हणतात, तू भेऊ नको, मी हाव. मी म्हणतो, बरं. माह्या नावावर टाकून त्यायचं हलकं होते तं होऊ द्या, मले काही जड नाही. मले सारं समजते हे त्यायले समजू देऊ नका, तेवढं तं माणसापाशी राह्यलं पायजे.

अतुलभाऊले मात्र मामा म्हणून उभं राह्याचं काही बोलू नका. मी रोज यायच्याशी थोडं थोडं बोलून राह्यली, काल फाटकापर्यंत आले. लग्नाच्या दिवशी आणीनच असं कबूल नाही करत. पण अंतरपाट धरेपर्यंत आमी नाही दिसलो, तरी निकिताच्या मागं दुसऱ्या कोणाले उभं करू नका. तेवढी जागा मोकळीच राहू द्या.