निळ्या कपाटावरचे सांधे

आप्पा, परवा माझ्या छातीचा एक्स-रे काढला. घाबरू नका, काही निघालं नाही, या वयात असतो तसला खोकला आहे. तिथल्या मुलीनं मला मशीनपुढं उभं केलं आणि म्हणाली, "आजी, श्वास घ्या, आता धरून ठेवा." मी धरला. ती आत गेली, बटण दाबून बाहेर आली, तरी मी आपली धरूनच उभी. "सोडा की आजी, कवाच झालं," म्हणत तिनं खांद्यावर हात ठेवला. सोडताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं मला कुठं दुखलं. दुखलं काही नव्हतं. मी मनात आकडे मोजत होते आणि एकवीसवर पोचले होते. पन्नास वर्षांनी ते आकडे आपोआप सुरू झाले याचं माझं मलाच नवल वाटलं, आणि तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यातून जात नाही. तुम्ही होता तेव्हा मी सासरहून, अकलूजहून, पंधरवड्याला एक कार्ड टाकायची. इकडे सर्व ठीक, तिकडे सर्व ठीक असेल, यापलीकडं त्यात कधी काही नसायचं. चार ओळींत उरकायची मला घाई असायची.

आकडे तुम्हीच शिकवलेत. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत आई, आमची अव्वा, भाकरी थापते आहे. तुम्ही कारखान्यातून येऊन हातपाय धुऊन पाटावर बसलाय. कितीही साबण लावला तरी नखांच्या कडेला राखाडी रंग असतो आणि अंगाला थिनरचा वास. "चल, धर दम," तुम्ही म्हणता. मी गाल फुगवते, नाक दाबते, तिसाच्या आसपास फुस्स होते. तुम्ही नाक दाबत नाही, गाल फुगवत नाही, नुसते चुलीकडं बघत बसता. मी मोठ्यानं मोजत जाते, चाळीस, पन्नास, साठ. अव्वा कानडीत ओरडते, "साकु री," आणि मग आम्हा पोरांना कळावं म्हणून मराठीत, "पुरे की आता, भाकरी गार व्हायलीय." तेव्हा तुम्ही हळूच सोडता. मला तो खेळ वाटायचा. बाप पोरीशी खेळतोय, एवढंच.

तो तुमचा धंदा होता हे मला बरंच मोठं झाल्यावर कळलं. तुमच्या कारखान्यात लोखंडी कपाटं बनायची आणि त्यांच्यावर गननं रंग मारायचं काम तुमच्याकडं होतं. तीन बाजूंनी पत्रा ठोकलेली खोली, मागं एक पंखा, तोही धूळ ओढतो म्हणून बऱ्याचदा बंद. गन चालू झाली की आत रंगाचं धुकं व्हायचं. मालकांनी एकदा रबरी मास्क आणून दिला होता, पण आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली घाम साचून कपाटाकडं बघणं मुश्कील, म्हणून तो खिळ्याला टांगलेला. तुमची रीत वेगळी होती. बाहेर येऊन छातीभर हवा घ्यायची, आत जायचं, कपाटाचं एक दार वरून खाली, खालून वर करत पुरं मारायचं आणि मगच बाहेर येऊन सोडायचं. एक दार, एक दम. पंचवीस आकड्यांत दार होतं असं तुम्हीच सांगितलं होतं. त्यात जीव जपण्याइतकाच कामाचाही भाग होता. मध्येच थांबलं तर आधीची ओली कड सुकायला लागते आणि पुन्हा सुरू केलं की तिथं जोड दिसतो. "सांधा दिसला तर रंगारी कसला," असं तुम्ही म्हणायचात. बाकी बोलणं बेताचंच, पण हे वाक्य वर्षातून दहा वेळा ऐकलेलं.

चार वाजता कारखान्यात प्रत्येक रंगाऱ्याला गुळाचा खडा मिळायचा. गूळ छातीतला रंग ओढून काढतो अशी सगळ्यांची समजूत होती. खरीखोटी देव जाणे. तुम्ही तो खडा कागदात गुंडाळून आमच्यासाठी घरी आणायचात आणि आम्ही खायचो. त्याला थिनरचा वास यायचा म्हणून मी नाक मुरडायची. तुमच्या छातीच्या वाट्याचा गूळ आपण खातोय हे त्या वयात सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी खाल्ला असता, गोडाची मी पहिल्यापासून हावरी.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा अकलूजचं स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात शिक्षक, घर खाऊनपिऊन सुखी. बैठकीत सगळं जमलं आणि उठता उठता मुलाच्या आईनं, म्हणजे पुढं माझ्या सासूबाईंनी, सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात कुनाला काय आजार न्हाय न्हवं?" तुम्ही म्हणालात, "न्हाय, देवाच्या दयेनं काय न्हाय." त्या वेळी तुमचा खोकला सुरू होऊन पाच-सहा महिने झाले होते. अव्वा रोज म्हणायची, डॉक्टरला दाखवा. तुम्ही म्हणायचात, "लगीन होऊ दे. आत्ता दवाखान्यात गेलो तर पेठेत टीबीची बोंब व्हईल, आन् पोरीचं मोडंल." एवढं बोलतानाही तुम्हाला मध्ये थांबावं लागलं होतं. त्याच दिवसांत एकदा आपण पुन्हा दम धरला होता, थट्टेनंच. मी तिसाला सोडला आणि बघते तर तुम्ही आधीच सोडून भिंतीला टेकलेले. "तुला जिंकू दिलं," म्हणालात. मी हसले.

मालकांनी लग्नाचा आहेर म्हणून एक कपाट दिलं, बिनरंगाचं, रंग तुम्ही मारून घ्यायचा. तुम्ही हॅमर म्हणालात. हॅमर म्हणजे तो रुपेरी राखाडी रंग, ठोक्याच्या तांब्याच्या घागरीसारखा खवल्याखवल्यांचा दिसणारा, त्यात पत्र्याची खोट आणि हाताची चूक दोन्ही बुडून जातात. मला ते नको होतं. अकलूजला थोरल्या जाऊबाईंचं कपाट मी पाहून आले होते. पुण्याहून आणलेलं, आकाशी निळं, इतकं गुळगुळीत की दारात आपलं तोंड दिसावं. "मला तसलं पायजे," मी म्हणाले. तुम्ही कधी न चिडणारे, पण त्या दिवशी चिडलात. "हॅमर म्हणलं की हॅमर. येवढी शिकली, येक गोष्ट ऐकत न्हाय." मी दोन दिवस जेवताना तोंडातून शब्द काढला नाही. तोंडाळ मुलगी गप्प बसली की घराला जास्त जड जातं, हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी गप्प बसले होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "बरं. निळं मारू."

सुट्टीच्या दिवशी मला रंगाची छटा दाखवायला तुम्ही कारखान्यात नेलंत. कॉम्प्रेसरची धडधड, बाकी सगळं शांत, आपण दोघंच. मी पत्र्याच्या खोलीबाहेर सावलीत उभी. तुम्ही रुमाल ओला करून बांधला, गन हातात घेतली, हवा घेतलीत आणि आत गेलात. हात तोच होता, आप्पा. मनगट न वाकवता सरळ खाली येणारा, कडेला नेमका सुटणारा. डावं दार निम्म्यावर आलं आणि तुम्ही बाहेर आलात, गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिलात, पुन्हा आत गेलात. उजव्या दाराला तीनदा बाहेर आलात. शेवटी गन खाली ठेवून कपाटाकडं बघत राहिलात. मग ते भट्टीत ढकललंत, रंग पक्का करायला. येताना बसमध्ये मी रंगाची फार तारीफ केली. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी कपाट कार्यालयाच्या अंगणात मांडलं होतं. ऊन पश्चिमेकडून तिरकं पडलं होतं. समोरून बघितलं तर काही दिसत नव्हतं, पण त्या तिरक्या उन्हात डाव्या दारावर एक आणि उजव्यावर तीन पट्टे उठून दिसत होते. सासूबाईंनी त्यांवरून बोट फिरवलं. "हे वो काय? व्याही, तुमीच मारलंय न्हवं हे?" मी हळदीच्या अंगानं दारात उभी होते. अव्वानं माझा दंड धरला, तिची नखं रुतली. तुम्ही पुढं झालात, हात जोडलेत. "न्हाय वो. मालकानं नवा मानूस ठेवलाय. त्याचा हात बसला न्हाय अजून." सासरे हसले. "मग सोता मारायचं की. पोटची पोर हाय." तुम्ही म्हणालात, "व्हय. चुकलं माझं." आणि खोकला आला तो तुम्ही उपरण्यात दाबून मंडपामागं निघून गेलात. वीस वर्षांत ज्यानं सांधा दिसू दिला नाही, त्यानं आपलं काम दुसऱ्याचं म्हणून सांगितलं, आणि निष्काळजीपणाची माफीही वर मागितली. मला तेव्हा हायसं वाटलं. दुसरं काही वाटलं नाही. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण वाटलं ते हेच.

लग्नानंतर दीड वर्षात तुम्ही गेलात. टीबी नव्हताच, डॉक्टर म्हणाले, रंगानं फुप्फुसं भरलीत. ज्याचं नाव काढायला भीत होतो तो आजार नव्हताच, आणि जो होता त्याला दाखवायला उशीर झाला होता. तुमच्या दिवसांना मालक आले होते. कपाट तुम्ही मारलेलं मी पाहिलं होतं, तरी तो नवा माणूस निदान कारखान्यात होता का, असं मी बोलता बोलता त्यांना विचारलं. ते गोंधळले. "नवा कोण? त्या साली कुणी ठेवला नव्हता. तुझ्या कपाटानंतरच्या सोमवारी आप्पाच माझ्यापुढं येऊन उभा राहिला. म्हणाला, मालक, गन काढून घ्या माझ्या हातातनं, मला घासकाम द्या." म्हणजे त्यानंतर तुम्ही रंग मारलाच नाही. पॉलिशपेपरनं पत्रे घासत बसलात आणि मला कार्डात लिहिलंत, काम ठीक चालले आहे.

कपाट अजून आहे. सासूबाई गेल्या, सासरे गेले, जाऊबाईंचं पुण्याचं कपाट गंजून भंगारात गेलं. आपल्या कपाटाला कुठं गंज नाही. मुलाचं म्हणणं, आता रंग तरी मारून घेऊ, घासून नवं करून देतात. मी त्याच्यावर उगाच खेकसले. सून एकदा दुपारी त्या पट्ट्यांवरून हात फिरवत म्हणाली, आई, हे असं कुणी मारलं हो? मी म्हणाले, होता कुणीतरी कारखान्यातला नवीन माणूस. अजून तेच सांगते, आप्पा. आता कुणाचं लग्न मोडायचं राहिलंय?

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत हे मला कळतं. मुलानं विचारलं काय लिहितेस, तर पेन्शनच्या ऑफिसला अर्ज म्हणून सांगितलं. पण कारखान्यातल्या त्या सुट्टीच्या दिवसाचं वर सगळं लिहिलं आणि एक गोष्ट गाळली. मी बाहेर उभी राहून मोजत होते. डाव्या दाराला तुम्ही चौदाला बाहेर आलात. उजव्याला दहाला, मग नऊला. मला सगळं कळलं होतं. उजव्याच्या त्या दुसऱ्या वेळी तुम्ही गुडघ्यांवर हात टेकून, माझ्याकडं न बघता विचारलंत, "पोरी, ओलं हाय अजून. पुसून हॅमर मारू का?" मी नको म्हणाले.