मरायला मी आयडाहोला येणार नाही

क्लार्क्स्टन, मंगळवार

प्रिय आर्डिथ हिला थोरल्या बहिणीचा, व्हर्नाचा, आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? मी ठणठणीत आहे. आपल्या वॉशिंग्टन राज्याने वारसाकर वाढवला, भांडवली नफ्यावरही जादा कर बसवला, तेव्हापासून माझा डेल 'आई, कशी आहेस?' असं विचारतच नाही. 'आई, आज झोपणार कुठल्या राज्यात?' असं विचारतो! त्याच्याच हट्टापायी मी तीन आठवडे नदीपलीकडे तुझ्या घरी राहिले ना? आयडाहोत मेलं की हा कर नाही, म्हणे. गाडीची नंबरपाटी बदलली, मतदार यादीतलं नाव हलवलं, कुत्र्याचा परवानासुद्धा आयडाहोचा काढला. चर्चही बदललं (ज्या पास्टरशी वीस वर्षं भांडले त्याला सोडून! नव्याशी पहिल्यापासून भांडायला या वयात सवड कुणाला आहे?). आणि रोज सकाळी पूल ओलांडून चेरीची बाग बघायला इकडे यायचंच.

काल वकीलबाईंनी कागद पाहिले. म्हणाल्या, "व्हर्ना, तुम्ही पूल ओलांडलात, पण बाग कुठे ओलांडून गेली?" जमीन ज्या राज्यात, तिच्यावरचा कर त्या राज्यात, मी मरेना का कुठेही! मला हसू आवरेना. डेल मात्र लगेच म्हणाला, मग बाग विकून टाक आणि पैसे घेऊन पलीकडे जा. तिथे माझं डोकं फिरलं. ही झाडं लग्नानंतर रॉयने आणि मी लावली. ऐन मोहरात हिम पडलं तेव्हा झाडांखाली शेगड्या पेटवून वाचवली (तेव्हा हा डेल पाळण्यात होता). सरकारला कर हवाय? घेऊ दे की! पण त्यासाठी आधी मला मरावं लागेल, आणि मी कुणाच्या सोयीने मरणारी बाई नाही. डेलला स्पष्ट सांगितलं, "बाग विकायची नाही, मी हलायची नाही. एवढी घाई असेल तर तूच जा आयडाहोला मरायला!" मला कुणाची गरज नाही, एकटी समर्थ आहे.

तुझी, वॉशिंग्टनचीच,
व्हर्ना

ता. क. माझा वाचायचा चष्मा तुझ्याकडे राहिलाय. पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये.

आणखी एक. येताना कपडेही घेऊन ये, सगळेच. तीन आठवडे तुझ्या घोरण्याला शिव्या दिल्या, आणि आता हे घर मला खायला उठतंय. कराची तुला कसली भीती? तुझ्याकडे आहे काय, दोन मांजरं आणि एक गळकी होडी! तू खुशाल इथे मर, सरकारला छदाम मिळायचा नाही. फक्त माझ्या आधी मरू नकोस.