गोठलेली बाटली

दादा,

आईच्या हाती लागू नये म्हणून चिठ्ठी तुझ्या बुटात ठेवतेय.

डाळिंब-संत्र्याचा रस काढून फ्रीजमध्ये ठेवलाय, लिंबूही पिळलंय. पाहुणे आले की ग्लासात आधी बर्फ घाल, मग रस, वर पुदिन्याचं पान. वोडका मात्र नाही. बाबांच्या रिटायरमेंटला झकास कॉकटेल करायचं म्हणून मी बाटली परवाच फ्रीजरमध्ये टाकली होती. आज काढली, तर आत बर्फाचा गोळा! घरच्या फ्रीजरमध्ये वोडका गोठत नाही रे, पाणी गोठतं.

"पाच महिने थेंबालाही शिवलो नाही," असं तू म्हणालास, म्हणून मी वहिनीला फोनवर छातीठोकपणे तेच सांगितलं. त्या भरवशावर ती आज माहेराहून येतेय.

बाटली माझ्या हातून फुटली असं आईला सांगितलंय. तिची बोलणीही खाऊन झाली, त्याचं काही नाही.

मी केक घेऊन सहाला येते, तोवर घरीच थांब. वहिनी साडेसहाला येईल. दार तूच उघड आणि आत येण्याआधी तिला खरं काय ते सांग. मग ती आत आली, तर तिचा ग्लास मी भरीन.

– बारकी