दोन्ही बटणांवर ‘ऑर्डर’

नाशिक रोड,
नवरात्रातला मंगळवार

ती. आत्यास, कुंदनचा दोन्ही हात जोडून (म्हणजे टायपिंग थांबवून) नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली असेल तर ऐक त्यांचं. (तू ऐकणार नाहीस, पण लिहावं लागतं.) इकडे सारे मजेत. मी तर इतका मजेत, की काल ऑफिसात खुर्चीवर उभा राहून अशी आरोळी ठोकली की खालचा झेरॉक्सवाला धावत वर आला.

झालं असं. मी आणि माझी सहकारी भाग्यश्री, आम्ही फुलं पिकवणाऱ्यांसाठी अ‍ॅप केलंय हे तुला माहीतच आहे. मंडपवाला त्यावर ऑर्डर टाकतो, शेतकरी बटण दाबून हो किंवा नाही म्हणतो. पहिल्या गिऱ्हाईक गिरणारे गावच्या कमळाबाई. त्यांना पटलं तर गावातल्या साऱ्या बायका अ‍ॅप घेणार. नाही पटलं तर आम्ही दोघं परत पुण्याला नोकऱ्या शोधायला. आणि शनिवारी त्यांनी टेम्पोभर झेंडू तोडून ठेवला, मंडपवाला आलाच नाही! त्यांचा फोन: “कुंदनभाऊ, दोन बटनं, दोन्हीवर नुसतं ‘ऑर्डर’. उन्हात रंग काय दिसंना. दिलं एक दाबून!” एक बटण होतं ‘ऑर्डर स्वीकारा’, दुसरं ‘ऑर्डर नाकारा’. दोन्हींचा शेवटचा शब्द गायब, आणि बाईंनी दाबलं नेमकं नाकारा.

मंडपवाल्याला फोन केला तर तो फुगलेला. बाई नाही म्हणाल्या, मी दुसरीकडून माल घेतला, म्हणे. फुलं काही आमच्यासाठी ताजी राहणार नव्हती. भाग्यश्रीनं टेम्पो सरळ आमच्या कॉलनीच्या गेटवर आणला आणि तराजू हातात घेतला. मी शेजारी उभा राहून “झेंडू... झेंडू...” असं पुटपुटत होतो (ओळखीची माणसं होती गं!). तिनं मात्र असा आवाज लावला की वरच्या मजल्यांवरून दोरीनं पिशव्या खाली आल्या. संध्याकाळी टेम्पो रिकामा. कमळाबाई म्हणाल्या, “पोरगी कामाची हाय. अ‍ॅपचं मातर लवकर बघा.”

मग आमची शोधाशोध. माझ्या फोनवर बटणं अगदी शहाण्यासारखी! मी फॉन्टला दोष दिला, फोनच्या कंपनीला दिला, शेवटी मराठीतल्या जोडाक्षरांनाही दिला. भाग्यश्रीनं ऑफिसातलं नेट मुद्दाम मंद केलं, मळ्यात असतं तसं, आणि डोळ्यांदेखत चोर सापडला! स्क्रीन आधी उमटली, बटणांवर तात्पुरते चिमुकले इंग्रजी शब्द घेऊन. त्या शब्दांच्या मापानं बटणं आखली गेली. मराठी भाषांतर मागून धापा टाकत आलं, तोवर जागा कुठे होती? ‘ऑर्डर’ बसली, पुढचं कापलं गेलं. शहरात नेट जलद, भाषांतर आधीच हजर, म्हणून आम्हाला हे कधी दिसलंच नाही. (खुर्चीवरची आरोळी ती हीच.) आता मराठी पोचल्याशिवाय स्क्रीन उमटतच नाही, आणि शब्द लांब असेल तर बटण आपणहून रुंद होतं.

आज सकाळी आम्ही मळ्यात गेलो. त्याच मंडपवाल्याच्या हातापाया पडून त्याला दसऱ्याची ऑर्डर टाकायला लावली होती. कमळाबाईंनी फोन लांब धरून मोठ्यानं वाचलं, “ऑर्डर स्वीकारा,” आणि दाबलं. लगेच त्याचा फोन, “बाई, या वेळी नक्की ना?” “नक्की म्हंजे? वाचून दाबलंय!” शेजारच्या मळ्यातल्या सुमनबाईंनी तिथंच आपला फोन पुढे केला, “माझ्यात बी घाला.” आत्या, मी वाफ्यातच नाचलो. दोन रोपं मोडली, बाई रागावल्या, तरी नाचलो.

काकांना नमस्कार, पोरांना खाऊ.

तुझा,
कुंदन

ता. क. : सटाण्याकडच्या बायकांसाठी अ‍ॅप अहिराणीत करायचं म्हणतोय. ‘आहे’ला ‘शे’ एवढंच मला येतं, बाकी तूच सांग. शब्द घेऊन भाग्यश्री रविवारी तुझ्याकडे येईल. तिला वांग्याचं भरीत आवडतं.

ता. क. २ : अहिराणीची तशी काही घाई नाही. तू तिला बाबांच्या आधी भेटावंस, एवढंच. आवडली तर बाबांशी तूच बोल. मी बोलायला गेलो की ते “हं, बोल” म्हणून आधी पंखा बंद करतात, आणि त्या शांततेत मी दर वेळी गॅस सिलिंडरबद्दलच बोलून परत येतो.