डाव्या तर्जनीचे टाके

३ ऑगस्ट
उद्या ऑपरेशन! ताईची लोणच्याची बरणी बेसिनमध्ये फुटली, काच माझ्या डाव्या तर्जनीच्या बुडाशी शिरली — आणि घरादारात सगळे सर्जन झाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंदर की नस बाल से भी बारीक धागे से जोड़ूँगी. ऊपर चमड़ी पर घुलने वाले टाँके लगाऊँ या नायलॉन?" जखम दोन्हींनी सारखीच भरते म्हणे. सारखीच भरते, तर दोन कशाला काढले?

भाऊजी : "विरघळणारे घे यार. काढायला पुन्हा रजा नको." मंत्रालयात खुर्ची झिजवली की जखमेतही रजाच दिसते! शेजारचे गुलाबराव : "माझ्या हर्नियाला तर स्टेपल मारले!" हात आहे हा, फाइल नव्हे.

मी नायलॉन सांगितलं. स्वतःच्या मर्जीने विरघळणाऱ्या धाग्यावर बोट सोपवणार नाही. पुढच्या महिन्यात टायपिंगची परीक्षा. बी.कॉम. अर्धवट सोडलेल्याकडे दुसरं आहे काय? डोळे मिटायचे, ही तर्जनी F वरच्या बारीकशा उंचवट्यावर टेकवायची — मग एक अक्षर चुकत नाही माझं.

५ ऑगस्ट
झालं. टाके काळे, सरळ, सारख्या अंतरावर. एक गाठ मात्र तिरकी! बाई राउंडला आल्या तेव्हा बोलून दाखवली. "वो छोड़िए, उँगली में कुछ महसूस होता है?" विषय कसा बदलावा, यांच्याकडून शिकावं. भुलीचा अंमल आहे अजून, दुसरं काय.

९ ऑगस्ट
भाऊजी टाके बघून म्हणाले, "हिच्या साडीचा फॉल याहून बरा!" मी हसलो नाही. ताई हसली.

१७ ऑगस्ट
टाके निघाले. "नायलॉन ओढताना जीव जातो बिल्कुल," असं भाऊजींनी भरवून ठेवलं होतं. म्हणून दात आवळून बसलो. बोटाकडचे सगळे निघाले — कळलंसुद्धा नाही! तळहाताकडचा शेवटचा तेवढा चावला.

बाईंचं मात्र पुन्हा तेच : "नस को वक़्त लगेगा." कातडी इतकी सुबक जुळली आहे, त्याबद्दल एक शब्द नाही. आतला धागा बघायला कोण जातंय!

घरी येऊन भाऊजींच्या नाकासमोर व्रण धरला. "दुखलंच नाही," म्हटलं. "नायलॉन!" चहा पीत राहिले. हरलेला माणूस चहाच पितो.

२६ ऑगस्ट
आज पहिल्यांदा टायपिंगला बसलो. डोळे मिटले. उंचवटा लागेना. बोट डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. वैतागून हाक मारली — "ताई, पुसताना F घासलास का गं?"

ती येऊन वाकली.

"अरे, बोट त्याच्यावरच आहे तुझं."