चौकाचा उतार

मळमड्डी, धारवाड
२० जानेवारी

प्रिय मधू,

लाल शाईतलं पत्र बघून तू दचकली असशील. तुझी आई दोनदा येऊन बोलून गेली, की लेकीला कुणी लाल शाईत लिहितं का, घरात निळं पेन नाही का. आहे. पण मला लालच हवं होतं, ते का हे शेवटी सांगतो. आणि धारवाडहून हुबळीला पत्र कशाला, पाऊण तासाचा रस्ता, हाताशी फोन, असंही तू म्हणशील. म्हण. तुझ्या बापाचं वय एकाहत्तर आहे आणि निम्मं आयुष्य त्याने बांधकाम खात्यात टिपणं लिहिण्यात घालवलंय, एवढं समजून घे आणि पुढे वाच.

आईकडून कळलं की एक तारखेला तू बंगळूरच्या कंपनीत रुजू होणार आणि हुबळीचं ऑफिस बंद करणार. मला तू सांगितलं नाहीस. ‘मधुवंती हेरेकर, आर्किटेक्ट’ ही पाटी मी स्वतः शिडीवर चढून लावली होती, आणि ती सरळ आहे ना हे बघायला तू रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली होतीस. ती पाटी उतरणार हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

आधी घराबद्दल लिहितो, कारण इथे राहायला येऊन दीड वर्ष झालं तरी मी तुला या घराविषयी एक चांगला शब्द बोललेलो नाही. चाळीस बाय साठचा प्लॉट, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या तीन मजली भिंती, आणि तू बरोबर मधोमध बारा बाय चौदाचा चौक मोकळा सोडलास. मी लगेच गुणाकार केला, एकशे अडुसष्ट चौरस फूट पाण्यात. मधोमध भोक पाडलेलं घर, असं मी मळमड्डीभर सांगत सुटलो. तू शांतपणे म्हणालीस, अप्पा, बाहेर बघायला नुसत्या भिंती आहेत, घराला आत बघू दे की. मला ते पुस्तकी वाटलं होतं.

आता ऐक. दुपारी बाराच्या सुमारास ऊन चौकात उतरतं आणि या थंडीत ते सरळ माझ्या खुर्चीपर्यंत येतं, पायांवर बसतं. मे महिन्यात खुर्ची तिथेच होती, पण ऊन चार फरश्या अलीकडेच थांबायचं. मी गंमत म्हणून दोन्ही वेळा खडूने खूण केली. परवा तुझ्या नकाशांची गुंडाळी सोडली, तर त्यात या दोन्ही रेघा तू आधीच काढलेल्या, एकीवर ‘डिसेंबर’ आणि दुसरीवर ‘मे’ असं बारीक अक्षरात लिहून. नकाशातलं माप फरशीवर धरून बघितलं, तर माझी खडूची रेघ आणि तुझी पेन्सिलची रेघ यांत चार बोटांचं अंतर निघालं, आणि त्यात खडूच चुकला असणार. घराची एक वीटही नव्हती तेव्हा म्हाताऱ्याच्या पायांवर ऊन कधी पडावं हे तू ठरवून ठेवलं होतंस. मी छत्तीस वर्षांत किती इमारती उभ्या केल्या, पण कुणाच्या पायांचा विचार केल्याचं आठवत नाही.

आणि तुझी आई. जुन्या भाड्याच्या घरात आम्ही दोघं एकमेकांना हाका मारून थकायचो. मी पुढे, ती मागे, मधे अंधारा बोळ. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला चौकापलीकडे मी दिसतो, दार दिसतं, देवघरातली समई दिसते. गुडघ्यामुळे तिला फार उठबस होत नाही, पण सगळ्या घरावर तिची नजर असते. तिने मला शेवटची हाक कधी मारली ते आठवत नाही. ती नुसती मान वर करून बघते आणि मला चहा हवा की नको हे ओळखते. हे सगळं लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर सुरू झालंय. उन्हाळ्यात शेजारी पंख्याखाली घामाघूम होऊन बसतात आणि त्यांचं मांजर आमच्या चौकात शहाबादी फरशीवर पाय पसरून झोपतं. मांजराला माझ्याआधी कळलं, हे मान्य करायला हवं.

मग हे सगळं मी चारचौघांत का बोललो नाही, ते आता लिहायला हवं. वास्तुशांतीचा दिवस आठव. पहिली पंगत उठली, बायकांनी दुसऱ्या पंगतीसाठी चौक धुवायला घेतला, आणि ते पाणी मोरीतून जायचं सोडून पुढच्या पडवीत आलं, थेट प्रभंजनमामाच्या आणि त्याच्या वकील मित्रांच्या पायाशी. तुझ्या मामाचा आवाज कोर्टातला. धोतराचा सोगा वर धरून तो म्हणाला, मधू, घर बांधलंस की हौद? सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, पोरगी आहे, शिकेल हळूहळू.

मामाचा हौद हुबळीभर फिरला. पावसाळ्यात चौकात पाणी तुंबायचं तेव्हा मी मोटर लावून उपसत बसायचो, आणि कुणी विचारलं तर नकाशाच तसा आहे म्हणायचो. तू दोनदा म्हणालीस, अप्पा, फरशी उचलून घेऊ या. मी दोनदा नको म्हणालो. गेल्या महिन्यात सप्तापूरच्या रोहिणीबाई घर बघायला आल्या. कॉलेजात शिकवतात, प्लॉट घेऊन ठेवलाय, तुझ्याकडूनच घर बांधायचं मनात होतं. चौकात तासभर बसल्या, उठवेना त्यांना. जाताना मात्र चाचरत म्हणाल्या, पाण्याचं ऐकलंय हो, भीती वाटते. मी त्यांना नुसता दारापर्यंत सोडून आलो. त्या गेल्यावर आईने सांगितलं की तुझ्याकडून माघारी गेलेल्या या तिसऱ्या, आणि बंगळूरचं कशामुळे ठरलं तेही सांगितलं.

त्याच संध्याकाळी मी आपल्या गवंड्याला, गणपतला, फोन करून फरशी उचलायला बोलावलं. तुझ्या नकाशात चौकाचा उतार मागे होता, परसातल्या शोषखड्ड्याकडे. फरशी बसायच्या वेळी तू आठ दिवस पुण्याच्या कामाला गेलीस, आणि मी गणपतला सांगून तो उलटा करवला, पुढे, रस्त्याच्या गटाराकडे. पाणी रस्त्याकडे काढायचं, हे मी जन्मभर केलेलं. त्यात हा रस्ता नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी स्वतः मोजलेला, त्याची पातळी मला तोंडपाठ. ती पातळी सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची होती. तेव्हापासून डांबराच्या थरावर थर चढत गेले आणि गटारासकट रस्ता आपल्या चौकापेक्षा वर गेला. तू आजचा रस्ता मोजला होतास. मी लेव्हल पाइप हातात घेऊन रस्त्यावर गेलोसुद्धा नाही, मला काय मोजायचंय म्हणून.

हे सगळं मी गणपतसमोर कसंबसं बोललो, आणि म्हणालो की आता मधूला कुठल्या तोंडाने सांगू. तो पहार खाली ठेवून म्हणाला, बिड्री, सोडा हो साहेब, अक्कांना सगळं ठाऊक आहे. वास्तुशांतीच्या तिसऱ्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो होतो, तेव्हा तू त्याला घेऊन आलीस, चौक मोजलास, आणि मला कळलंय हे अप्पांना कळता कामा नये म्हणून त्याच्याकडून लेकरांची शपथ घेतलीस. मी पायरीवर बसूनच राहिलो. तीन माणसं तुझ्या दारातून परत गेली, मधू. एक वाक्य बोलली असतीस तर राहिली असती. तुला बापाची लाज झाकायची होती. मला तुझा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी शरम वाटली की दोन्ही एकदम कशी सोसायची ते समजेना. म्हातारपणी मी रडलो, आणि आईने खिडकीतून पाहिलं. तुझ्या घरात लपायला जागा नाही.

गणपतने नऊ दिवसांत उतार तुझ्या नकाशाप्रमाणे केला. काल रविवारी मी मामाला आणि त्याच्या त्याच मित्रांना जेवायला बोलावलं. पंगत उठल्यावर गणपतने आणि मी त्यांच्यासमोर चौकात चाळीस बादल्या पाणी ओतलं. मोजून चाळीस. सगळं मागे परसात गेलं, पडवीत थेंब आला नाही. मग मी उभा राहिलो आणि काय केलं ते सगळं सांगितलं. मामा पडवीच्या टोकापर्यंत जाऊन कोरडी फरशी बघून आला. मग म्हणाला, म्हणजे भावजी, हौद तुमचा होता. मी म्हणालो, हो.

आता लाल शाईचं. खात्यात मी एक नियम कधी मोडू दिला नाही. मंजूर नकाशापेक्षा जागेवर वेगळं काही केलं, तर ते लाल शाईत लिहायचं आणि खाली नाव, हुद्दा घालून सही करायची, म्हणजे उद्या दोष भलत्याच्या माथी जायला नको. या एका नियमासाठी मी किती पोरांना फैलावर घेतलं. आणि माझ्या लेकीच्या नकाशात केलेला बदल तेवढा मी लिहिला नाही. तो आज लिहितो. मळमड्डीच्या घराच्या चौकाचा उतार मूळ नकाशात परसाकडे होता. आर्किटेक्टला न विचारता तो मी रस्त्याकडे करवला. पाणी तुंबलं ते त्यामुळे. मूळ नकाशा बरोबर होता. फोनवर बोललेलं कुणाला दाखवता येत नाही, म्हणून हे पत्र. रोहिणीबाईंना दाखव, माघारी गेलेल्या सगळ्यांना दाखव, हवं तर ऑफिसात पाटीखाली लाव. बंगळूरला तुझ्या मनाने जाणार असलीस तर खुशाल जा, मी स्टेशनवर सोडायला येईन. पण आमचं घर चुकलं म्हणून जाऊ नकोस, मधू. ते कधीच चुकलं नव्हतं.

तुझाच,
अप्पा

सुधींद्र गोविंद हेरेकर
कार्यकारी अभियंता (निवृत्त)